मोटार यांत्रिक प्रशिक्षण : सातारा व सांगली जिल्हे

मोटारवाहनांची देखभाल, दोषनिदान व दुरुस्ती करणारा कुशल कारागीर घडविण्याच्या व्यवस्थेस मोटार यांत्रिक प्रशिक्षण असे म्हणतात. महाराष्ट्रातील सातारा व सांगली या कृष्णाकाठच्या जिल्ह्यांत ही व्यवस्था दोन वेगळ्या प्रवाहांतून वाढली. कारखान्यात वा गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली राहून शिकण्याचा पहिला प्रवाह जुना आहे. शासकीय संस्थांतील नेमलेल्या अभ्यासक्रमाचा दुसरा प्रवाह मुख्यतः १९५० नंतरचा आहे. दोहोंची गाठ कोठे पडली आणि कोठे पडू शकली नाही, हाच या प्रशिक्षणाच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न होय.

सांगली जिल्ह्याचा बराच भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात मोडत असे. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा करण्यात आला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे या दोन जिल्ह्यांतील कारागिरीचा पूर्वेतिहास एकत्रच पाहावा लागतो.

पूर्वपीठिका : या भागात यंत्रकामाची परंपरा मोटारीने नव्हे, तर नांगराने सुरू केली. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये काही काळ शिक्षक असलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना व वसाहत उभारली. हीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी होय. धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ मध्ये सातारा रोड येथे निघाला. तेथे प्रथम लोखंडी नांगर व पुढे तेल एंजिने तयार होऊ लागली. या कारखान्यांनी खेड्यातील तरुणांना ओतकाम, कातकाम व जोडारीकाम यांचा परिचय करून दिला. विहिरीवर बसविलेले तेल एंजिन नादुरुस्त झाले, म्हणजे ते उघडून पाहणारा माणूस गावातच लागे. दट्ट्या, झडपा, भुजादंड व इंधन अंतःक्षेपक हे भाग स्थिर एंजिनात आणि मालमोटारीच्या एंजिनात तत्त्वतः सारखेच असतात. म्हणून विहिरीवरील एंजिनाचा मिस्त्री पुढे मोटारीच्या दुरुस्तीकडे वळणे स्वाभाविक होते.

हाताचे काम आणि शिक्षण यांची सांगड घालण्याचा विचारही या भागास नवा नव्हता. ⇨कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली व १९२४ मध्ये तिचे मुख्य ठिकाण साताऱ्यास हलविले. ते स्वतः काही काळ किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते होते व नंतर कूपर कारखान्याच्या उभारणीत सहभागी झाले होते. ‘कमवा व शिका’ हे त्यांच्या संस्थेचे सूत्र श्रमाला कमीपणा देणाऱ्या शिक्षणपद्धतीला दिलेले उत्तर होते.

रस्ते व वाहने : पुणे–बंगलोर हा हमरस्ता खंबाटकी घाट उतरून सातारा व कऱ्हाडवरून जातो. कऱ्हाडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणकडे वाट फुटते. भरलेली गाडी घाट चढताना एंजिन तापते व क्लचची झीज होते; उतरताना गतिरोधकांवर ताण पडतो. घाटाच्या दोन्ही अंगांस दुरुस्तीची ठाणी वाढली, ती याच कारणाने.

राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर धावली. पुढे सातारा व सांगली हे परिवहन महामंडळाचे स्वतंत्र विभाग झाले. आगारातील नित्य तपासणी, विभागीय कार्यशाळेतील मोठी दुरुस्ती व दापोडीसारख्या मध्यवर्ती कार्यशाळेतील पुनर्बांधणी अशी तिहेरी रचना महामंडळाने घालून दिली. ठराविक अंतर धावल्यावर वंगण बदलणे, ठराविक मुदतीने गतिरोधक तपासणे आणि प्रत्येक कामाची नोंद ठेवणे ही शिस्त अनेक कारागिरांनी प्रथम एस.टी.च्या कार्यशाळेतच पाहिली.

सहकारी साखर कारखान्यांनी या कामास हंगामी वळण दिले. सांगली, साखराळे, रेठरे बुद्रुक इ. ठिकाणच्या कारखान्यांना ऊस पुरविण्यासाठी मालमोटारी व ट्रॅक्टर मोठ्या संख्येने लागू लागले. गळीत हंगामात गाडी थांबली, तर तोडलेला ऊस वाळतो व त्याचे वजन घटते. म्हणून हंगामात तातडीची आणि पावसाळ्यात सावकाशीची दुरुस्ती, असे गॅरेजांचे वार्षिक चक्र बनले. सातारा येथे महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ मध्ये स्थापन झाली. तिची ‘प्रिया’ स्कूटर लोकप्रिय झाली. पुढे हे उत्पादन थांबले. दुचाकींच्या प्रसाराबरोबर तालुक्याच्या गावीही लहान गॅरेजे निघाली.

उस्तादी पद्धती : गॅरेजातील शिक्षणास लेखी अभ्यासक्रम नसतो. नवा मुलगा प्रथम झाडलोट करतो, सुटे भाग रॉकेलमध्ये धुतो व मागितलेल्या मापाचा पाना हातात देतो. त्यानंतर चाक उतरविणे, गतिरोधक बसविणे अशी कामे त्याच्याकडे येतात. एंजिन उघडण्याची पाळी काही वर्षांनी येते. या पद्धतीचे सामर्थ्य निरीक्षणात आहे. धूर काळा असेल, तर इंधन अधिक वा हवा अपुरी. निळा असेल, तर कड्या झिजल्याने वंगणतेल जळत आहे. पांढरा असेल, तर इंधन न जळताच बाहेर पडत आहे किंवा सिलिंडरात पाणी शिरले आहे, हे उस्ताद पाहताक्षणी सांगतो. दंतचक्रपेटीच्या आवाजावरून दोषाची जागा ओळखणे हेही असेच अनुभवसिद्ध ज्ञान होय.

तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. कारण न कळता केवळ कृती शिकलेला कारागीर नवीन रचनेचे वाहन समोर आले की अडतो. शिकण्याची मुदत उस्तादाच्या मर्जीवर अवलंबून राहते व शिकल्याचा लेखी पुरावा मिळत नाही. अनेक मुले शाळा सोडून कोवळ्या वयात या कामास लागत. बालकामगारविषयक १९८६ च्या अधिनियमाने धोक्याच्या कामांवर निर्बंध घातले आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना, कौटुंबिक व्यवसायातील मदतीसारखे मर्यादित अपवाद वगळता, कोणत्याही कामावर ठेवण्यास मनाई केली. गॅरेजात बालपणी शिरण्याचा मार्ग कायद्याने असा बंद झाल्यावर संस्थांतील प्रशिक्षणाचे महत्त्व अधिकच वाढले.

शासकीय योजना : दुसऱ्या महायुद्धात लष्करास तंत्रज्ञ पुरविण्यासाठी १९४० मध्ये भारतात तांत्रिक प्रशिक्षणाची योजना सुरू झाली. सैन्यातील यंत्रसामग्रीच्या देखभालीसाठी विद्युत् व यांत्रिक अभियंत्यांचे स्वतंत्र दल १९४३ मध्ये स्थापन झाले. अपशिंग्यासारखी सैनिकी परंपरेची गावे असलेल्या सातारा जिल्ह्याच्या दृष्टीने ही घटना विशेष महत्त्वाची होती; लष्करी वाहने चालविणे व दुरुस्त करणे हे सैनिकाच्या दृष्टीने निवृत्तीनंतरही उपयोगी पडणारे कौशल्य ठरले.

युद्धानंतर १९४५ मध्ये पुनर्वसन व सेवायोजन महासंचालनालय स्थापन झाले. माजी सैनिक व नंतर फाळणीमुळे विस्थापित झालेले लोक यांच्यासाठी चाललेल्या वर्गांतून १९५० मध्ये सर्वांसाठी खुली अशी शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना आकारास आली. शिवा राव समितीच्या शिफारशींनुसार १९५६ मध्ये औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे सोपविण्यात आला. अभ्यासक्रम, परीक्षा व प्रमाणपत्रे यांत देशभर एकसूत्रता राहावी म्हणून त्याच वर्षी राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद नेमण्यात आली. सातारा, कऱ्हाड व सांगली येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था याच योजनेचा भाग आहेत. पुढे तालुका पातळीवरही अशा संस्था निघाल्या.

अभ्यासक्रम : या क्षेत्रात ‘मोटारगाडी यांत्रिक’ हा दोन वर्षांचा आणि ‘डीझेल यांत्रिक’ व ‘ट्रॅक्टर यांत्रिक’ हे एकेक वर्षाचे व्यवसाय प्रमुख होत. प्रात्यक्षिकास सर्वाधिक वेळ असून त्याच्या जोडीला व्यवसाय सिद्धांत, कार्यशाळा गणित व विज्ञान आणि अभियांत्रिकी चित्रकला हे विषय असतात. आरंभी प्रशिक्षणार्थ्यास मोटारीस हात लावू न देता आखणी, करवतकाम, कानसकाम व छिद्रण यांचा सराव देतात. लोखंडाचा तुकडा काटकोनात कानसण्यात दिवसचे दिवस घालविणे नवशिक्यास निरर्थक वाटते. तथापि मापाची अचूकता व हाताचा तोल त्यातूनच येतो. त्यानंतर ⇨अंतर्ज्वलन एंजिन, शीतन व वंगण यंत्रणा, इंधन यंत्रणा, क्लच, दंतचक्रपेटी, विभेदी दंतचक्र, सुकाणू, गतिरोधक व विद्युत् यंत्रणा असा क्रम असतो.

उस्तादी पद्धतीहून संस्थेतील शिक्षणाचा वेगळेपणा मापनात आहे. निळा धूर दिसल्यावर कड्या झिजल्याचा तर्क दोघेही करतात. प्रशिक्षणार्थी त्यापुढे जाऊन सिलिंडरातील दाब मोजतो, मापकाने सिलिंडराचा व्यास निरनिराळ्या पातळ्यांवर पडताळतो आणि झीज मिमी.च्या शतांश भागांत लिहितो. केवळ कड्या बदलून भागेल की सिलिंडर नव्याने घोटावा लागेल, हा ग्राहकाच्या खर्चाचा निर्णय त्या आकड्यांवर ठरतो. अभ्यासक्रमाच्या शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते व उत्तीर्णास राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते.

शिकाऊ उमेदवारी : ⇨शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ अन्वये ठराविक आस्थापनांना प्रशिक्षणार्थी घेणे बंधनकारक झाले. उमेदवारास विद्यावेतन मिळते आणि संस्थेत घालविलेला काळ उमेदवारीच्या एकूण मुदतीत धरला जातो. सातारा व सांगली भागात परिवहन महामंडळाच्या कार्यशाळा हे अशा उमेदवारीचे एक मोठे क्षेत्र ठरले. संस्थेतील एंजिन प्रशिक्षणार्थ्यांच्या अनेक तुकड्यांनी उघडून पुन्हा जोडलेले असते व त्यातील दोष बहुधा आधीच ठाऊक असतो. आगारात आलेली गाडी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मार्गावर धावायची असते. या जबाबदारीखाली काम केल्यावरच सिद्धांत हातात उतरतो. वर उल्लेखिलेल्या दोन प्रवाहांची गाठ पडते, ती येथे.

महाविद्यालयीन शिक्षण : सांगली येथे १९४७ मध्ये निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास पुढे वालचंद हिराचंद यांचे नाव देण्यात आले. मोटारी बनविणारी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी वालचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केली होती. कऱ्हाड येथे शासकीय तंत्रनिकेतन १९५७ मध्ये व अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये सुरू झाले. सांगली जिल्ह्यातीलच वसंतदादा पाटील हे मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्याच वर्षी साखराळे येथे राजारामबापू तंत्रशास्त्र संस्था निघाली व तेथे मोटारवाहन अभियांत्रिकीची शाखाही चालू झाली. कनिष्ठ महाविद्यालयांतील द्विलक्षी अभ्यासक्रमात स्कूटर व मोटारसायकल दुरुस्ती हा विषय उपलब्ध झाल्याने बारावीच्या विद्यार्थ्यासही या कामाची ओळख होऊ लागली. पदवी व पदविका अभ्यासक्रमांचा रोख मुख्यत्वे संकल्पन, उत्पादन व पर्यवेक्षण यांकडे असतो. प्रत्यक्ष दुरुस्तीचा भार औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वा गॅरेजातून आलेल्या कारागिरावरच राहिला आहे.

तंत्रातील बदल : भारत स्टेज–४ ही उत्सर्जन मानके १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाली आणि पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज–६ लागू झाली. त्यामुळे नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला व इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनीय झाले. दोष शोधण्यासाठी आता संवेदकांचे संकेत उपकरणावर वाचावे लागतात. केवळ धूर व आवाज यांवर भागत नाही. विद्युत् मोटारगाडीत घातक दाबाचा विद्युत् प्रवाह खेळत असल्याने, ती निष्प्रवाह करून मगच हात लावण्याची शिस्त अंगी असावी लागते. अशा वाहनांसाठी औद्योगिक प्रशिक्षणात स्वतंत्र व्यवसायही सुरू करण्यात आला आहे. कारण समजून घेण्याच्या सवयीचे मोल या बदलांनी वाढविले आहे.

समालोचन : २०१३ च्या राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखड्याने कौशल्याच्या पातळ्या निश्चित केल्या. २०१५ पासूनच्या केंद्रीय योजनेत पूर्वप्राप्त कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद झाली. वीस-वीस वर्षे काम करूनही कागदोपत्री अकुशल राहिलेल्या मिस्त्रीला मान्यतेचा मार्ग त्यामुळे उपलब्ध झाला. मुलींसाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत जागा राखीव असल्या, तरी या व्यवसायात त्यांची संख्या अल्पच राहिली आहे.

एक उणीव मात्र शिल्लक आहे. शिकाऊ उमेदवारीच्या नियमांत २०१९ मध्ये झालेल्या बदलांनुसार तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेस उमेदवार घेणे बंधनकारक असून चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेस ते ऐच्छिक आहे. मालक व एकदोन साथीदार एवढ्यावर चालणारे रस्त्याकडेचे गॅरेज यात कोठेच बसत नाही. ग्रामीण भागातील दुचाकी, ट्रॅक्टर व मालमोटारी यांची दुरुस्ती मोठ्या प्रमाणावर अशाच गॅरेजांत होते आणि नवा कारागीरही तेथेच तयार होतो. या गॅरेजांना गटाने एकत्र आणून जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेशी जोडल्यास उस्तादाचा अनुभव व संस्थेचे मापनशास्त्र एकाच उमेदवारास मिळू शकेल. तोपर्यंत तेथे शिकणाऱ्या मुलाचे शिक्षण शासनाच्या नोंदीबाहेरच राहणार.