गाडी कामाला गेली, चूल कुठं राहिली?

आजचं बोलणं चाकावरच्या घराबद्दल आहे. हातातली कामं चालू ठेवून ऐकलंत तरी चालेल.

हल्ली मोबाईलवर गाडीतच राहणाऱ्या माणसांचे व्हिडिओ भरपूर दिसतात. कुणी तरणं जोडपं असतं, कुणी नोकरीतून निवृत्त झालेलं. घर विकतात नाहीतर भाड्यानं देतात आणि बारा महिने गाडीतच बिऱ्हाड करतात. त्यांच्यात एक वाद कायम चाललेला असतो, की बिऱ्हाड करायचं ते कसल्या गाडीत. एका प्रकाराला मोटारहोम म्हणतात. म्हणजे बसएवढी गाडी आणि तिच्यातच घर. इंजिन, बिछाना, शेगडी, मोरी, सगळं एकाच पत्र्याखाली. दुसरा प्रकार ट्रक कॅम्पर. पिकअपच्या हौद्यावर एक खोली चढवलेली असते. तिच्या कोपऱ्यांना जॅकचे पाय. पाय जमिनीला टेकवले की खोली आपली आपण उभी राहते आणि पिकअप तिच्याखालून निघून बाजाराला जाते. मोटारहोममध्ये जागा ऐसपैस, पावसात बाहेर न पडता उठून पुढच्या सीटवर बसता येतं. पण इंजिन बिघडलं की घरच गॅरेजात जातं. कॅम्परमध्ये दाटी, वजन तोलूनमापून भरावं लागतं, वळणावर खोली डुलते. पण ओढणारा वेगळा आणि घर वेगळं. गाडी बंद पडली तरी चूल पेटते.

हा वाद आम्ही ऐकला तेव्हा आम्हाला तो नवा वाटला नाही. आपल्या भागात तो निदान दोनशे वर्षं चाललेला आहे, फक्त इंजिनाच्या जागी बैल होता, घोडा होता.

आधी लमाणांचं बघू. रस्ते नव्हते तेव्हा मीठ आणि धान्य या दख्खनभर फिरायचं ते बैलाच्या पाठीवरून. हजारो बैलांचे तांडे असायचे. मोगलांच्या, मराठ्यांच्या फौजांना दाणा त्यांनीच पुरवला आणि १८०३ च्या लढाईत इंग्रजांच्या वेलस्लीनंही त्यांच्याकडूनच घेतला. मुक्कामाला आल्यावर बैलांच्या पाठीवरच्या गोण्या उतरवून एकावर एक रचायच्या. त्यांचीच भिंत, वर कापड ओढलं की आडोसा. बैल चरायला मोकळे. म्हणजे घर पाठीवरून उतरवून ठेवायचं, आजच्या कॅम्परसारखं. मग १८३० साली खंडाळ्याचा बोरघाट गाड्यांना खुला झाला, १८५३ ला मुंबई-ठाणे रेल्वे आली आणि १८९१ ला कोल्हापूरपर्यंत आगगाडी पोचली. गाडीवाटा आणि रूळ आले तसा तांड्यांचा व्यापार बुडत गेला.

धनगरांचं बिऱ्हाड मात्र अजून आपल्या डोळ्यांसमोर आहे. आदमापूर इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळं बाळूमामांची मेंढरं शिवारात बसवायला मिळावीत म्हणून गावागावात काय धडपड असते, ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. पण फिरत्या धनगराच्या घोड्याकडं कधी नीट बघितलंय का? त्याच्या पाठीवर भांडीकुंडी, वाकळा, कोंबड्या आणि वर एखादं लेकरू. पुरुष मेंढरं घेऊन चरणीच्या वाटेनं जातात. घोडा आणि सगळा संसार हाकत पुढच्या तळावर नेते ती बाई. तिथं ओझं उतरवायचं, तीन दगड मांडायचे, पाणी कुठं आहे ते शोधायचं. कळप कुठंही असो, चूल तिच्यापाशी. घोडा चरायला सुटला तरी संसार जागेवर. कष्ट थोडे नाहीत यात, पण तळ कुठं टाकायचा हे ठरवताना तिचा शब्द चालतो.

दुसऱ्या प्रकारचं घर, म्हणजे गाडी तेच घर, हे राजस्थानातल्या गाडीलोहारांचं. १५६८ साली चितोड पडलं, तेव्हा गड परत मिळेपर्यंत छपराखाली राहायचं नाही अशी शपथ त्यांच्या पूर्वजांनी घेतली, असं ते सांगत आले. त्यांची बैलगाडी हेच कोठार, तेच माजघर. १९५५ साली पंडित नेहरूंनी त्यांना चितोडगडावर नेलं आणि शपथ सुटली असं जाहीर झालं. सरकारनं वसाहतीही बांधल्या, पण अनेक कुटुंबं पुन्हा गाडीकडंच वळली. घर मिळालं पण गिऱ्हाईक दुसऱ्या गावात, मग करणार काय? आपल्याकडचे घिसाडीही लोखंडाचंच काम करत गावोगाव फिरले. गाडी उभी करून शेजारी पाल ठोकायचं, भाता लावायचा. नवरा सांडशीनं लोखंड धरतो आणि घण घालते ती बायको, कधी पोटुशी असतानासुद्धा. ज्यांच्या सासरी खुरपी-विळे घिसाड्याकडून धारेला लावायची रीत होती, त्यांना हे चित्र आठवत असेल.

फिरणाऱ्या माणसांना घर नको असतं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक गोष्ट मधेच सांगतो. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी फिरत्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. पुढं त्याच्या पायी रोज पोलिसपाटलाकडं हजेरी द्यावी लागायची. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानातली हजेरी बंद केली, आणि ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्या फासेपारध्यांना सोनतळीला आणून राहायला जागा आणि हाताला काम दिलं. काम आणि घर बरोबर मिळालं म्हणून तिथं माणसं टिकली. देशात हा कायदा जायला १९५२ उजाडलं.

आता आपल्या शिवारात येऊ. दिवाळी झाली की बिदरी, हमीदवाडा, कागल इथले धुराडे पेटतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीड, पाथर्डी, जत, विजापूर, कुठून कुठून येतात. मार्च-एप्रिलपर्यंत चार-पाच महिने त्यांचा संसार रस्त्यावर. हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा कोयता. आधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि मग ती फेडेपर्यंत तोडायचं.

या माणसांपुढंही दर वर्षी तीच निवड असते, फक्त ती कुणी व्हिडिओ करून दाखवत नाही. गाडीसेंटरला जायचं की ट्रॅक्टरच्या टोळीत?

गाडीसेंटर म्हणजे बैलगाडी. बैल आपले, टायरगाडी बहुतेक वेळा कारखान्याची. पूर्वी लोखंडी धावेची लाकडी गाडी असायची, कारखान्यांनी रबरी टायरची आणली, तिच्यात माल जास्त बसतो. गाडीवाल्यांचा तळ कारखान्याजवळ पडतो, कारण बैल किती लांब चालणार? चटया आणि बांबूच्या कोप्या, वाकून आत जायचं. पहाटे गाडी जुंपली की त्यातच भाकरी, घागर आणि झोपलेलं लेकरू. फडात पोचल्यावर तीच गाडी सावली होते, तिच्याखाली झोळी बांधतात. म्हणजे दिवसभर चूल तळावर आणि पाळणा गाडीबरोबर. संध्याकाळी भरलेली गाडी नवरा काट्यावर नेतो, नंबर लागेपर्यंत मध्यरात्र होते. बायको तळावर येऊन स्वयंपाकाला लागते. वाढ्यांच्या पेंढ्या विकून मीठ-मिरचीचा खर्च निघतो. आपल्या म्हशींना त्यांच्याकडूनच वाढं घेतो आपण, आणि दोन रुपयांसाठी घासाघीसही करतो. गाडीवाल्याला तोडीबरोबर वाहतुकीचेही पैसे मिळतात. पण बैल म्हणजे असं इंजिन, की कारखाना बंद असला तरी त्याला खायला लागतं, आणि लाळ-खुरकत आली की सगळा हंगाम जागेवर बसतो.

ट्रॅक्टरच्या टोळीचं वेगळं. गाडी मालकाची, आपला फक्त कोयता. तळ कारखान्यापासून लांब, फडांच्या जवळ, आणि तोड संपली की पुढच्या गावाला. सगळं बिऱ्हाड ट्रॉलीत चढवायचं, त्यावर माणसं बसवायची. ही ट्रॉली मालासाठी असते, माणसं वाहायला कायद्यानं तिला परवानगी नाही, तरी दर हंगामात ती भरून जाताना आपण बघतो. गावात पोचल्यावर घर उतरवून ठेवलं, ट्रॅक्टर निघून गेला. वरवर बघता हाच कॅम्पर. बैलाची झंझट नाही, चूल एका जागी.

पण बायकांशी बोललं की दुसरी बाजू कळते. ट्रॅक्टर ऊस टाकून परत कधी येईल ते कुणाच्या हातात नाही. कारखान्यावर रांग असली तर रात्री एक वाजता येतो, दोनला येतो. हॉर्न वाजला की उठायचं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचं, ट्रॉली भरायची. बैल थकला की गाडीवान त्याला सोडतो, त्याला सोडावंच लागतं. ट्रॅक्टर थकत नाही, आणि त्याच्या वेळेला कोयत्यातल्या बाईला उभं राहावं लागतं. म्हणून घर वेगळं आणि ओढणारा वेगळा असला की बाईला सोपं पडतं, हे तिथं लागू होत नाही. घर वेगळं असलं तरी ओढणाऱ्याची वेळ दुसऱ्याच्या मुठीत आहे. आम्हाला विचाराल तर दोन्हींत आम्ही बैलगाडीला जरा वरचढ मानतो. पण आता लहान ट्रॅक्टरच्या 'अंगद' गाड्या आणि ऊस तोडणारी यंत्रं आली आहेत, ती निवडही फार दिवस राहील असं दिसत नाही.

आणि दोन्हीकडं एक गोष्ट सारखी. न्हाणीघर नाही, संडास नाही. पाळीच्या दिवसांत कापड बदलायला उसाचा फड. खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून दुखणं अंगावर काढायचं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्याची जी पाहणी आली, तीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. यातल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. पिशवी काढली की पाळी नाही आणि खाडाही नाही, हा हिशेब कुणी घातला आणि कुणाच्या फायद्यासाठी, यावर एक वेगळा कार्यक्रम लागेल.

२०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. सुट्टीला आलेल्या माणसानं चाकावरच्या घरातून फिरावं, त्या गाड्यांना उभं राहायला वीज-पाण्याची सोय असलेले तळ असावेत, अशी त्यात कल्पना आहे. चांगली आहे. आम्हाला फक्त एवढंच वाटलं, की वीज-पाण्याचा तळ म्हणजे काय हे सरकारला ठाऊक आहे तर!

अमेरिकेतही गाडीत राहणारे सगळेच हौशी नाहीत. २००८ च्या मंदीत ज्यांची घरं गेली, पेन्शन पुरेना, अशी साठी-सत्तरीची माणसं मोटारहोममध्ये, व्हॅनमध्ये, कॅम्परमध्ये राहून हंगामी कामं करत फिरतात. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईनं त्यांच्याबरोबर फिरून २०१७ मध्ये 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिलं, त्यावरच्या सिनेमाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. त्यांचं शरद ऋतूतलं एक काम ऐकून आम्ही चकित झालो. उत्तर डकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवर साखरेच्या बीटची काढणी असते. तेही साखर कारखान्याचंच काम. बारा-बारा तासांची पाळी, थंडी, चिखल. पण तिथं कामावर येणाऱ्याच्या गाडीला उभं राहायला जागा मिळते, आणि त्या जागेवर विजेची जोडणी, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची नळी असते. गाडी मोटारहोम आहे की कॅम्पर, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

आपल्याकडं तळ कुठं पडतो ते आपल्याला माहीत असतं. माळावर, ओढ्याच्या कडेला, तोडलेल्या रानात. तिथून सगळ्यात जवळचा नळ आपल्यातल्याच कुणाच्या तरी परड्यात असतो, आणि दोन कळश्या घेऊन एखादी दाराशी उभी राहते. तिला विचारून बघा, गाडीची आहेस का ट्रॅक्टरची. गाडीची असली तर सांजच्याला जरा टेकते, बैलांची नावं सांगते. ट्रॅक्टरची असली तर कळश्या भरता भरताच तिचा कान रस्त्याकडं लागलेला असतो.