दिवसा कचेरी, सायंकाळी खतावणी

हिशेब आणि रात्रीचा दिवा यांचे नाते महाराष्ट्रास जुने आहे. देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना एका पैच्या चुकीपायी रात्रभर वह्या चाळीत बसलेल्या एकनाथांची आख्यायिका आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. दिवसा नोकरी करून सायंकाळच्या वर्गात वाणिज्य शाखेची पदवी मिळविणारा कारकून हा त्याच दिव्याचा वारसदार होय. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्याच्या इतिहासाची नोंद असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

या इतिहासात १९१३ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या कंपनी कायद्याने कंपन्यांना ठराविक हिशेबपुस्तके ठेवणे आणि प्रमाणपत्रधारक तपासनिसांकडून ती तपासून घेणे बंधनकारक केले. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले आणि १९१८ मध्ये तेथे सरकारी हिशेबनिसीची पदविका सुरू झाली. मुनीमजींच्या गादीशेजारी बसून शिकण्याची विद्या अशा रीतीने विद्यापीठाच्या वर्गात आली. मात्र तो वर्ग दिवसाचा होता, आणि ज्याच्या पगारावर घर चालते त्याला दिवस मोकळा नसतो.

ही अडचण महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखली होती. शेतकरी व मजूर यांच्यासाठी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ सालीच रात्रीची शाळा काढली. १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅममध्ये अर्थशास्त्र शिकविणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा नोकरदार विद्यार्थ्यांना सोयीचे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे वाणिज्य महाविद्यालय १९५३ साली निघाले. घड्याळ विद्यार्थ्याच्या सोयीने लावले, तर विद्येचे दार किती जणांना उघडते, हे या संस्थांनी दाखवून दिले.

दिल्लीत हीच गरज फाळणीने उभी केली. निर्वासित तरुणांना दिवसा पोट भरणे भाग होते. त्यांच्यासाठी पंजाब विद्यापीठाने मंदिर मार्गावर एका शाळेच्या इमारतीत सायंकाळी ‘कॅम्प कॉलेज’ चालविले. १९५८ साली दयालसिंग सायंकालीन महाविद्यालय सुरू झाले, आणि १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने देशात प्रथमच पत्राद्वारे पदवी-शिक्षणाचा उपक्रम हाती घेतला.

पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातून, टपाल-तार किंवा रेल्वेतून बदलून आलेल्या कित्येक मराठी कारकुनांना या सोयी वरदान ठरल्या. प्रवेशापूर्वी कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावयाची, कचेरी सुटताच बस गाठावयाची, आणि पुढील दोन-तीन तास रोजकीर्द, खतावणी, तेरीज, घसारा व ताळेबंद यांच्याशी झुंजावयाचे, असा त्यांचा क्रम होता. दिवसा हातांखालून गेलेली देयके त्यांना सायंकाळी पाठ्यपुस्तकाचा अर्थ सांगत, आणि सायंकाळी शिकलेला नियम दुसऱ्या दिवशी फायलीवर उपयोगी पडे. लेखापरीक्षण खात्यातील एस.ए.एस. परीक्षेची पायरीही या अभ्यासाने थोडी सोपी होई. आम्ही कला शाखेचे पदवीधर. ताळेबंद वाचावयास आम्हांस शिकविले ते अशाच सायंकाळच्या बी.कॉम. सहकाऱ्यांनी. या पदवीस कोणी दुय्यम म्हटले, की आम्हांस त्यांची टिपणे आठवतात.

या पदवीच्या ताळेबंदात एक रक्कम मात्र कोठेही दाखविलेली नाही. परक्या गावी, सासर-माहेरच्या आधारावाचून, मुलांचा अभ्यास आणि आजारपण एकटीने सांभाळून रात्री दहाला पुन्हा पोळी गरम करणाऱ्या गृहिणीची ती रक्कम होय. प्रमाणपत्रावर एकच नाव छापले जाई. श्रम दोघांचे असत.

काळ पालटला आहे. केंद्र शासनाने १९८५ साली पाच दिवसांचा आठवडा केला तेव्हा कामाचा रोजचा वेळ वाढला आणि सायंकाळ आखूड झाली. त्याच वर्षी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि घरबसल्या पदवीचा मार्ग रुंदावला. दयालसिंग सायंकालीन महाविद्यालय २०१७ साली दिवसाचे झाले. घरबसल्या शिकण्याची सोय मोठी, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जमा-नाव्याचे कोडे अडले असता शेजारच्या बाकावरून मिळणारा हात टपालाने येत नाही.

तो बाक आपण देऊ शकतो. मंडळाचे वाचनालय सायंकाळी सात ते दहा नोकरदार विद्यार्थ्यांसाठी उघडे ठेवावे, आणि सभासदांतील निवृत्त लेखाधिकाऱ्यांनी आठवड्यातून एक सायंकाळ तेथे द्यावी, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे नम्रपणे ठेवितो. एखाद्या नव्या मुलास वा मुलीस तेथे आपली तेरीज जुळलेली दिसली, तर सुवर्णमहोत्सव सार्थकी लागला असे आम्ही समजू.