गटाराचे पाणी आणि पालेभाजी

१/ शहराचे सांडपाणी शेताला पाजावे, ही कल्पना एके काळी आधुनिकतेची खूण मानली जाई. पॅरिसने १८६९ पासून आपले मैलापाणी जेनविलिएच्या रेताड शेतांत सोडले. तेथे पिकलेला भाजीपाला पुन्हा पॅरिसच्याच बाजारात येई. अभियंत्यांना याचा मोठा अभिमान होता.

२/ तो अभिमान त्या काळी सर्वस्वी अनाठायी नव्हता. मैला कुजतो, माती त्याचे खत करते. पुढे त्याच गटारांत कारखान्यांचे आणि धातूंना मुलामा देणाऱ्या कार्यशाळांचे पाणी मिसळले. शिसे, कॅडमियम, क्रोमियम कुजत नाहीत. वर्षानुवर्षे थोडे थोडे मातीत साठतात. पॅरिसच्या काही जुन्या मैलापाणी-शेतांत अखेर भाजीपाल्यावर बंदी घालावी लागली.

३/ असे धातू अन्नातून पोटात गेले तर काय होते, हे जपानच्या तोयामा प्रांताने भोगले. जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची खाण, खाली तिच्या पाण्यावरची भातखाचरे. तांदळातल्या कॅडमियमने मूत्रपिंडे निकामी होत, हाडे ठिसूळ होत. रुग्णांत बहुसंख्य प्रौढ व वृद्ध स्त्रिया. त्या ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, असे विव्हळत. रोगाचे नावही तेच पडले. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ साली.

४/ गोंदियाही भाताचाच जिल्हा. येथील सिंचन उभे राहिले ते कोहळींसारख्या तलाव बांधणाऱ्या समाजांच्या कौशल्यावर. मालगुजारी संपल्यावर हे ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच ‘मामा तलाव’ झाले. (नाव सरकारी, पण किती घरगुती!) पावसाचे पाणी अडवणे हे त्यांचे मूळ तत्त्व.

५/ नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, तेथून वैनगंगेत आणि पुढे गोसीखुर्द धरणात जाते. गोंदिया या संगमाच्या वरच्या अंगाला असल्याने त्यातून सुटला. मात्र प्रत्येक वाढत्या गावाचा स्वतःचा नाला असतो, आणि उन्हाळ्यात वाहते पाणी बहुधा त्यातच उरते. तेथे पंप लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. त्या पाण्यात कोणाचा कारखाना ओततो, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

६/ पालकासारखी पालेभाजी मुळांवाटे कॅडमियम सहज ओढून घेते. धुतल्याने वरची धूळ आणि तिच्यातले शिसे जाते. पानाच्या आत शिरलेला धातू जात नाही, शिजवूनही नाही.

७/ जिंझूकाठच्या खाचरांत नवी माती घालण्याचे काम तीन दशकांहून अधिक काळ चालले. ते २०१२ मध्ये संपले.