‘ध’ चा ‘मा’ करणारा रंग

नारायणराव पेशव्यांच्या वधाची आख्यायिका मराठी घरात कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. १७७३ साली राघोबादादांच्या पत्रातील ‘धरावे’ या शब्दाचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, असे म्हणतात. हे खरे की खोटे, याचा वाद इतिहाससंशोधकांनी खुशाल घालावा. आपल्या भाषेला मात्र त्यातून ‘ध’ चा ‘मा’ करणे हा कायमचा वाक्प्रचार मिळाला. कागद तोच, शाई तीच, पत्र नेणाराही तोच. एक अक्षर तेवढे फिरले आणि शनिवारवाड्यात रक्त सांडले. आज ज्या पदार्थाची हकीकत मी सांगणार आहे, तो नेमके हेच काम करतो. फरक एवढाच, की तो कागदावर लिहीत नाही, देहात लिहितो.

मी काही रसायनशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना धडे देणारा आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. पण आमची चिंचोटी तुंगारेश्वराच्या डोंगराला लागून आहे. पावसाळ्यात आमचा धबधबा पाहायला मुंबईची माणसे लोटतात. तेच पाणी पुढे ओढ्यानाल्यांनी वसईच्या खाडीला मिळते. खाडीच्या काठी राहणाऱ्याला समुद्राचा इतिहास परका राहत नाही.

वसईचा इतिहास म्हटला की आपल्याला किल्ला आठवतो आणि चिमाजी आप्पा आठवतात. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि १७३९ साली मराठ्यांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांत वसई हे जहाजे बांधणारे गाव होते. भोवतालच्या रानातला साग त्यासाठी प्रसिद्ध होता. पुढे हा व्यवसाय मुंबईला बहरला. १७३६ साली सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत एकाहून एक सरस जहाजे बांधली. १८१७ साली तिथे पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे जतन केलेले आहे.

पण साग कितीही उत्तम असला, तरी समुद्रात उभ्या राहिलेल्या प्रत्येक जहाजाला एक शत्रू असतो, आणि तो तोफा घेऊन येत नाही. तळाला शेवाळ धरते, कालवे चिकटतात, दगडासारख्या कवचाचे बारीक जीव वस्ती करतात, आणि लाकूड पोखरणारा किडा आत घर करतो. जहाज जड होते, वेग मंदावतो. आपल्याकडचे नावाडी यावर तेल, राळ आणि चुना यांचा लेप देत. इंग्रजांच्या आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. तांबे या जिवांना मानवत नाही. प्रयोग साधला, आणि वीसपंचवीस वर्षांत त्यांचे बहुतेक आरमार तांब्याने मढले.

पुढे लोखंडी जहाजे आली. लोखंडाला तांबे लावले की खाऱ्या पाण्यात लोखंडच गंजून जाते. म्हणून विषारी रंगांचा शोध सुरू झाला. १९५० नंतरच्या दशकात हॉलंडमधील संशोधकांना कथिलाच्या काही संयुगांत बुरशी मारण्याची विलक्षण शक्ती आढळली. त्यांपैकीच एक ट्रायब्युटिल टिन, थोडक्यात टी.बी.टी. १९६० नंतर ते जहाजांच्या रंगांत मिसळू लागले. रंग हळूहळू झिजायचा, दरवेळी ताजे विष वर यायचे, आणि एकदा रंगवलेले जहाज काही वर्षे स्वच्छ राहायचे. स्वच्छ तळाच्या जहाजाला इंधन कमी लागते. जहाजवाले खूश, रंगवाले खूश. कोणी माणूस मेला नाही, मासे तरंगले नाहीत. मग तक्रार करायची कोणी?

तक्रार केली ती एका शंखाने.

१९७० साली इंग्लंडमधील प्लिमथच्या किनाऱ्यावर ब्लेबर नावाच्या संशोधकाला खडकावरच्या एका साध्या शंखाच्या माद्यांत नराचे इंद्रिय उगवलेले दिसले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या किनाऱ्यावरील दुसऱ्या जातीच्या शंखात स्मिथ नावाच्या संशोधकाला तोच प्रकार आढळला. वाचकहो, दिवाळीच्या फराळाशेजारी हा विषय काढल्याबद्दल राग मानू नका. कारण पुढचा भाग विनोदाचा नाही. मादीच्या देहात उगवलेले हे नसते अवयव वाढत वाढत तिचा अंडी घालण्याचा मार्गच बुजवतात. अंडी आत अडकतात आणि शेवटी मादी मरते. या शंखाची पिल्ले पाण्याबरोबर दूर वाहत येत नाहीत, जिथे जन्मतात तिथेच सरपटतात. त्यामुळे एका खाडीतल्या माद्या निकामी झाल्या, की ती खाडी हळूहळू ओस पडते.

१९८६ साली प्लिमथच्याच ब्रायन आणि गिब्स यांनी या साऱ्याचे खापर पुराव्यानिशी टी.बी.टी.वर फोडले. विषाची मात्रा किती असावी? एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचा सुमारे एक अब्जांश भाग! एवढ्याने जीव जात नाही. पण निरोप बदलतो.

निरोप म्हणजे काय, ते इथे सांगितले पाहिजे. आपल्या शरीरात, तसेच शंखाच्याही शरीरात, एका अवयवाकडून दुसऱ्याकडे रासायनिक निरोप जात असतात. त्यांना संप्रेरके म्हणतात. इंग्रजीतला हॉर्मोन तो हाच. वाढ, वयात येणे, गर्भाची घडण, ही सारी कामे अशा इवल्या निरोपांवर चालतात. पेशीत ते निरोप वाचून घेणाऱ्या रचना असतात. त्यांतल्या एका रचनेला टी.बी.टी. हा खराच निरोप वाटतो, आणि ती इमानेइतबारे हुकूम बजावते. गारद्यांनीही हुकूमच बजावला होता.

फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागरात कालवांची शेती चालते. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तिथे नवी कालवे धरेनाशी झाली आणि होती त्यांची शिंपले जाड, बेढब झाली. कालवांवर पोट असलेली कुटुंबे हवालदिल झाली. १९८२ च्या आरंभी फ्रान्सने २५ मीटरहून लहान नौकांवर या रंगाला बंदी घातली. त्यानंतर कालवे पुन्हा धरू लागली. इंग्लंडने १९८७ साली तोच मार्ग घेतला.

हे सारे परदेशी घडले म्हणून आपण निर्धास्त राहावे काय? तर नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर एक छोटा मांसाहारी शंख राहतो. शास्त्रज्ञांनी त्याला दिलेल्या नावात आपले कोकणच आहे: ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या विश्वकिरण आणि अनिल यांनी १९९९ साली या कोकणी शंखाच्या माद्यांतही नराचे अवयव आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली. प्लिमथचा ‘ध’ चा ‘मा’ असा कोकणच्या नावाच्या शंखापर्यंत येऊन पोचला होता.

शंखाचे राहू द्या, माणसाचे काय, असे माझ्या वर्गातली मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. २००६ साली कॅलिफोर्नियात ब्लुमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाभण उंदरिणींना टी.बी.टी. दिले, तेव्हा पिल्लांच्या अंगी चरबी अधिक धरली. उंदरावरून माणसाचा निकाल लावू नये, हे खरे. पण खोट्या निरोपाने माणूस फसतो, याचा दाखला त्याआधीच दुसऱ्या एका पदार्थाने दिलेला होता. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत १९४० नंतर गरोदर स्त्रियांना डी.ई.एस. नावाचे कृत्रिम स्त्री-संप्रेरक देत. १९७१ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी एका दुर्मीळ कर्करोगाच्या ८ तरुणींची चौकशी केली, तेव्हा त्यांपैकी ७ जणींच्या आयांनी गरोदरपणी ते औषध घेतलेले निघाले. औषध आईने घेतले, भोगले लेकीने, आणि तेही पंधरावीस वर्षांनी. अशा पदार्थांचा हिशेब लगेच मांडता येत नाही, तो असा.

जहाजांच्या रंगाबाबत जग अखेर शहाणे झाले. २००१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो अमलात आला. जहाजाच्या तळाला टी.बी.टी. आता वर्ज्य आहे. पुष्कळ खडकांवर शंख परतले. बंदरांच्या गाळात मात्र जुने विष वर्षानुवर्षे टिकून राहते, आणि गाळ उपसला की पुन्हा पाण्यात येते. शिवाय टी.बी.टी.च्या जागी नवे पदार्थ आले. त्यांतला सायब्युट्रिन हा समुद्रातल्या वनस्पतींना घातक ठरला, आणि १ जानेवारी २०२३ पासून त्यावरही बंदी आली.

दर वेळी क्रम हाच दिसतो: आधी उपयोग, मग नफा, मग कुठल्या तरी मुक्या जिवाची तक्रार, आणि सर्वांत शेवटी कायदा. मधल्या वीसतीस वर्षांची किंमत कोणीतरी मोजतो. आर्काशोंला ती कालवे पिकवणाऱ्या कुटुंबांनी मोजली. नवा पदार्थ बाजारात आला, की ‘याने कोणी मेले का?’ एवढे विचारून आपण समाधान मानतो. त्याच्या जोडीला दुसराही प्रश्न हवा: याने कोणाचे जन्मणे राहून गेले का? वसईच्या बाजारात तिसऱ्या, कालवे घेणाऱ्या गृहिणीला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, आणि माझ्या वर्गातल्या पोरांना तर तो सर्वांहून अधिक आहे.