काचेच्या छपराखालील व्यवसाय

आपल्या घरांच्या भिंतींवर पूर्वजांच्या पिवळसर तसबिरी टांगलेल्या असतात. तसबिरीतील व्यक्तीविषयी आपण भरभरून बोलतो. ती ज्याने काढली त्याचे नाव मात्र पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात पुसट होऊन गेलेले असते. मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय प्रथम कसा उभा राहिला ह्याचा शोध घेऊ लागलो, म्हणजे अशाच एका पुसट नावापाशी आपण येऊन थांबतो. ते नाव हरिश्चंद्र चिंतामण.

दागेर ह्यांची कृती पॅरिसमध्ये १९ ऑगस्ट १८३९ रोजी जाहीर झाली. त्यानंतर बरीच वर्षे आपल्याकडे ही विद्या म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांची हौस होती. पोटासाठी कॅमेरा हाती घेणाऱ्या आरंभीच्या मंडळींत विल्यम जॉन्सन हा मुंबईच्या सरकारी कचेरीतला कारकून होता. १८५२ च्या सुमारास त्याने आपली चित्रशाळा थाटली. पण चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणारे दागेरचे चित्र एकुलते एक असे. ज्या मालाची दुसरी प्रत निघत नाही, त्यावर दुकान किती दिवस चालावे?

ही अडचण फ्रेडरिक स्कॉट आर्चर ह्या इंग्रज शिल्पकाराने दूर केली. १८५१ साली त्याने ओल्या कलोडियनची रीत प्रसिद्ध केली. आता एका काचेवरून कागदावर हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. आर्चरने ह्या शोधाचे पेटंट घेतले नाही आणि १८५७ साली तो गरिबीतच वारला. त्याच्या ह्या औदार्यावर, किंवा भोळेपणावर म्हणा, पुढे कितीतरी घरांतल्या चुली पेटल्या.

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी निगडित होते. पाठोपाठ १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र तेथे शिकले आणि त्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्वतःचा व्यवसाय मांडला. साहेबांची हौस एका एतद्देशीय तरुणाची उपजीविका झाली, ही गोष्ट लहान नव्हे.

हा व्यवसाय किती जिकिरीचा होता! काच निर्मळ धुवावी, तिच्यावर चिकट कलोडियन सारखे पसरावे, अंधारखोलीत ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावी आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी. दहा-पंधरा मिनिटांत सारे उरकले नाही, तर थर सुकून काच वाया जाई. मुंबईच्या उन्हाळ्यात ही मुदत आणखी आखडे. पावसाळ्यात उजेडाचीच वानवा. दिव्यावर काम भागत नसे, म्हणून चित्रशाळेला काचेचे छप्पर लागे आणि त्याखाली मालक व गिऱ्हाईक दोघेही घामाघूम होत. प्रतीच्या कागदाला अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप असे आणि तिला रंग चढवायला सोन्याचा क्षार लागे. सोनारासारखाच हा धंदा! सांडपाण्यातील चांदीही जपून परत काढावी लागे. खरे भांडवल मात्र फडताळात जपलेल्या काचांचे होते. तेच गिऱ्हाईक वर्षाने आणखी प्रती मागावयास आले, तर जुन्या काचेवरच नवी कमाई होई.

१८५४ साली पॅरिसच्या दिसदेरी ह्याने एका काचेवर आठ छोटी चित्रे घेण्याच्या युक्तीचे पेटंट मिळविले. व्हिजिटिंग कार्डाएवढ्या ह्या तसबिरींनी छायाचित्र मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. दिसदेरीला स्वतःला पैसा टिकविता आला नाही. तो १८८९ साली दारिद्र्यात मेला.

हरिश्चंद्र केवळ छायाचित्रकार राहिले नाहीत. १८७४ साली भगवद्गीतेवर त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, आणि पुढे ते मुंबईच्या आर्य समाजाचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १८७९ मध्ये थिऑसॉफीचे कर्नल ऑल्कट व मादाम ब्लाव्हाट्स्की मुंबईस आले. हरिश्चंद्रांनी त्यांना गिरगाव बॅक रोडवर, आपल्या काचेच्या छपराच्या चित्रशाळेलगतच्या घरात उतरविले. थोड्याच दिवसांत पाहुण्यांच्या हाती भलेमोठे बिल पडले. घरभाडे, भोजन, घराची डागडुजी, तारेचा खर्च आणि स्वागतसभेसाठी आणलेल्या तीनशे खुर्च्यांचे भाडेदेखील! आर्य समाजासाठी पाठविलेली रक्कम पोचतीच झाली नाही, असाही ऑल्कट ह्यांचा आरोप होता. ही हकीगत त्यांनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवली असल्याने ती एका पक्षाची कैफियत म्हणूनच वाचावी. पण त्या भांडणामुळेच हरिश्चंद्रांच्या चित्रशाळेचे ते काचेचे छप्पर कागदोपत्री उरले आहे.