कुरसुरा पाणबुडी संग्रहालय

आंध्र प्रदेशातील विशाखापट्टणमच्या रामकृष्ण किनाऱ्यावर, वाळूत काँक्रीटच्या आधारांवर उभी केलेली भारतीय नौदलाची निवृत्त पाणबुडी. सोव्हिएत बनावटीच्या फॉक्सट्रॉट वर्गातील ही पाणबुडी १९६९ च्या डिसेंबरात रीगा येथे नौदलात दाखल झाली. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात तिने अरबी समुद्रात गस्त घातली. २००१ मध्ये ती सेवामुक्त झाली आणि २००२ पासून संग्रहालय म्हणून खुली आहे.

लांबी सुमारे ९१ मीटर; पण आत शिरल्यावर हा आकडा खोटा वाटतो. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल झडपदारातून कमरेत वाकून पाय आधी टाकावा लागतो. डोक्याशी नळ्या, झडपा, दाबमापके; नळ्यांच्या जंजाळातच कोंबलेले अरुंद बिछाने. टॉर्पेडो सोडण्याच्या नळ्या पुढे सहा आणि मागे चार आहेत. माहिती सांगायला बहुधा निवृत्त नौसैनिक असतात, तेव्हा फलक वाचण्यापेक्षा त्यांचे ऐकावे.

जवळच १९७१ च्या युद्धाचे ‘व्हिक्टरी ॲट सी’ स्मारक आहे. त्या युद्धात पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणम बंदराबाहेरच बुडाली. तिच्या बुडण्याच्या कारणाबाबत दोन्ही देशांचे म्हणणे आजही जुळत नाही.