सतरा सप्टेंबरचा अर्थविस्तार

सतरा सप्टेंबर ही तारीख एकच, पण तिला नावे किती आहेत पाहा. आपल्याकडे तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. शेजारच्या कर्नाटकात, कलबुर्गी-बिदर-रायचूरकडे, त्याला पूर्वी हैदराबाद-कर्नाटक विमोचन दिन म्हणत. २०१९ मध्ये त्या भागाचेच नाव कल्याण कर्नाटक झाले आणि दिवसही कल्याण कर्नाटक उत्सव या नावाने साजरा होऊ लागला. हैदराबादेत तर २०२२ साली एकाच दिवशी दोन समारंभ झाले. केंद्र सरकारने 'हैदराबाद मुक्ती दिन' साजरा केला आणि राज्य सरकारने 'राष्ट्रीय एकात्मता दिन'. पुढे तेलंगणातले सरकार बदलले आणि २०२४ मध्ये 'प्रजापालन दिन' हे आणखी एक नाव आले. त्याच वर्षी केंद्राने मुक्ती दिन दरवर्षी पाळण्याची अधिसूचना काढली.

हे सारे भाग पूर्वी निजामाच्या एकाच संस्थानात होते. सोळा जिल्हे, त्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड. मग नावावर एवढा वाद का? 'मुक्ती' म्हटले की पुढचा प्रश्न येतो, 'कोणापासून?' त्याचे उत्तर काही जण 'मुसलमानांपासून' असे देऊन टाकतात. म्हणून 'एकात्मता' किंवा 'विलीनीकरण' असे सर्वांना सामावून घेणारे नाव द्यावे, अशी मागणी होते. ही मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. राष्ट्रध्वजाला वंदन करताना गावातल्या एखाद्या मुलाला आपण परके आहोत असे वाटत असेल, तर त्या समारंभात काहीतरी उणे आहे.

मी वैजापूरचा. आमचा तालुका निजामाच्या मुलखाच्या अगदी पश्चिम कडेला. पलीकडे येवला, कोपरगाव म्हणजे इंग्रजी मुलूख. तिकडची माणसे आमच्या भागाला 'मोगलाई' म्हणत. १५ ऑगस्ट १९४७ ला येवल्यात तिरंगा फडकला. रोटेगावच्या स्टेशनावरून गाडीत बसले की मनमाडला स्वतंत्र भारत, आणि वैजापुरात मात्र अजून निजामाची सत्ता. तेरा महिने आणि दोन दिवस ही स्थिती राहिली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

जुनी माणसे या घटनेला साधे 'पोलीस ॲक्शन' म्हणत. हे नाव फौजेचे. 'विलीनीकरण' हे नाव दप्तरातले, त्यात एक सरकार आणि एक संस्थानिक एवढेच दिसतात. या दोन्ही नावांत सामान्य माणूस कुठे आहे? ज्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये स्थापनेआधीच बंदी आली, जिची मागणी जबाबदार राज्यपद्धतीची होती, ती माणसे कुठे आहेत? स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेवरून ७ ऑगस्ट १९४७ ला भारतीय संघराज्यात सामील होण्याची मागणी करत रस्त्यावर आलेले लोक कुठे आहेत? ते 'संग्राम' या शब्दात आहेत. म्हणूनच मला आपले मराठवाड्याचे नाव इतरांहून सरस वाटते. हा दिवस कोणी बहाल केला नाही, लोक त्यासाठी लढले, हे ते सांगते.

आणि ही लढाई एका धर्माची दुसऱ्या धर्माशी नव्हती. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांनी भारतात सामील होण्याच्या बाजूने लेखणी चालवली. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला आणि त्यांचा हातही तोडण्यात आला. फौजा यायला तेव्हा महिनाही उरला नव्हता. उलट ज्या निजामाची सत्ता गेली, तेच मीर उस्मान अली खान १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. म्हणजे मुक्ती झाली ती एका माणसापासून वा धर्मापासून नव्हे, तर प्रजेला न विचारता चालणाऱ्या राज्यापासून.

तरीही मनात सल राहतोच, आणि त्याला कारण आहे. रझाकारांचे अत्याचार आपण दरवर्षी सांगतो, ते सांगितलेच पाहिजेत. पण १७ सप्टेंबरच्या आसपास आणि नंतर जे घडले, ते भाषणांत येत नाही. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानात फिरून अहवाल दिला. त्यात कारवाईच्या काळात व नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज आहे. ती बहुतांशी मुसलमान होती. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना बसली. हा अहवाल कितीतरी दशके बंद राहिला. त्याच अहवालात हेही आहे, की हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर सोबत्यांना स्वतःचा जीव धोक्यात घालून वाचवले.

जगातही असे प्रश्न आले. दक्षिण आफ्रिकेत १६ डिसेंबर हा गोऱ्या आफ्रिकानेर लोकांच्या १८३८ मधल्या विजयाचा, त्यांच्या 'शपथेचा' दिवस होता. १९९५ पासून तारीख तीच ठेवून त्याला 'सलोखा दिन' म्हणू लागले. तिथे नाव बदलणे भागच होते, कारण ती शपथ मुळात एकाच समाजाची होती. आपला संग्राम तसा नव्हता.

नावांचे वाद मराठवाड्याला नवे नाहीत. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न १९७८ च्या विधिमंडळ ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत चालला आणि त्याची माणसांनी प्राणाने किंमत मोजली. शेवटी 'मराठवाडा' राहिले आणि त्याआधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. त्याला आपण नामविस्तार म्हणतो. सतरा सप्टेंबरलाही मी तेवढेच मागतो, फक्त विस्तार नावाचा नको, अर्थाचा हवा. ध्वजवंदनानंतरच्या भाषणात हुतात्म्यांच्या यादीत शोएबउल्ला खान यावेत. रझाकारांनी मारलेल्यांबरोबर त्या सप्टेंबरात मेलेल्या निरपराधांसाठीही आपण क्षणभर उभे राहावे. आणि त्या विणकरांची गोष्ट शाळेत सांगितली जावी. एवढे झाले, तर 'मुक्तिसंग्राम' हा शब्द बदलण्याची गरज कोणालाच भासणार नाही.